आधी वारा बघणारे करीमचाचा

मंडळी, सगळ्यांना नमस्कार आणि सलाम.

शाळेच्या या हॉलमध्ये एवढी माणसं मी पहिल्यांदाच बघतेय. मागे दारात उभे आहेत ते भीमाशंकरच्या रस्त्यावरचे जीपवाले. घोडेगावची मंडळी आहेत, ओझरची आहेत. माझ्या बोरीची तर दोन टेम्पो भरून आलीत. ज्यांना बसायला जागा मिळाली नाही त्यांनी सांभाळून घ्यावं. करीमचाचा असते तर त्यांनी स्वतःची खुर्ची उचलून दिली असती आणि आपण जुन्या टायरवर बसले असते.

मला बोलायला जमेल की नाही, खरंच माहीत नाही. मी वैशाली, बोरी बुद्रुकच्या दत्तू शिंद्यांची थोरली. ध्रुवाजवळच्या समुद्रावर थंडीत जो बर्फ धरतो, त्याचा मी अभ्यास करते. त्या बर्फावर बोलायचं असेल तर मी दोन-दोन तास बोलते, पडद्यावर नकाशे दाखवते, कुठे अडखळत नाही. आज हातात नकाशा नाही. आज एका माणसाबद्दल बोलायचंय, आणि तो माणूस ऐकायला नाही.

परवा इरफानचा फोन आला. इरफान म्हणजे चाचांचा मुलगा, इथे पुढेच बसलाय. तो म्हणाला, "वैशालीताई, अब्बांच्या गॅरेजबद्दल सगळेच बोलतील. त्या बर्फाबद्दल तूच बोल. आम्हाला ते कधी नीट कळलंच नाही." म्हणून उभी आहे. मध्येच अडखळले तर थोडं थांबेन. तुम्हीही थांबा.

करीमभाई आतार. घराणं अत्तरवाल्यांचं, हात मात्र आयुष्यभर डिझेलचे. तरुणपणी ते फौजेत होते, गाड्या दुरुस्त करायचे. तिथूनच त्यांना एकदा पाठवलं गेलं दक्षिण ध्रुवाकडे, आपल्या देशाच्या मोहिमेबरोबर. बर्फावर चालणाऱ्या गाड्या आणि जनरेटर सांभाळायला. चौदा महिने राहिले. परत आले, फौजेतून निवृत्त झाले आणि जुन्नरच्या स्टँडमागे गॅरेज टाकलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. या हॉलमध्ये असा कोण आहे ज्याचा ट्रॅक्टर, पंप नाहीतर जीप त्यांच्या हाताखालून गेली नाही?

मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. पदार्थविज्ञान घेतलं होतं आणि त्यात काही राम वाटत नव्हता. घरात लग्नाचं बोलणं चालू होतं. बाबांनी ट्रॅक्टरचा डिझेल पंप काढून गोणपाटात गुंडाळला आणि मला म्हणाले, "चल, कालिजातनं येताना मला गॅरेजात भेट." मी गेले. चाचा पंप उघडून बसले होते. भिंतीवर एक फोटो होता. सगळं पांढरं, आणि मधून एक काळी, वाकडी रेघ.

मी विचारलं, "हा रस्ता आहे का?"

चाचांनी वर न बघता सांगितलं, "रस्ताच हाय. वाऱ्यानं केल्याला."

मला वाटलं चेष्टा करतायत. मी पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी हात पुसले आणि सांगायला लागले. बाबा घाईत होते. पण चाचा एकदा सांगायला लागले की पंप थांबायचा, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

ते सांगत होते ते मला आज जसंच्या तसं आठवतंय. "आमचं जहाज बर्फात शिरलं आन् थांबलं. म्होरं बर्फ, मागं बर्फ. इंजिन फुल्ल टाकलं. हालंना. मागं घेतलं, पुन्ना म्होरं मारलं. हालंना. असं आठ दिवस. मी खाली इंजिनाकडं मदतीला जायचो. सगळी इंजिनाला शिव्या देत व्हती. म्या बी दिल्या."

त्या जहाजावर एक म्हातारा परदेशी खलाशी होता. त्याला हिंदी येत नव्हतं, चाचांना त्याची भाषा येत नव्हती. आठव्या दिवशी त्याने चाचांचा हात धरला, डेकवर नेलं आणि चिमणीचा धूर दाखवला. धूर किनाऱ्याकडे चालला होता. म्हणजे वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहत होता. मग त्या म्हाताऱ्याने आपले दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून घट्ट दाबले. चाचांना कळलं. वारा सगळा बर्फ किनाऱ्यावर दाबून धरतोय आणि आपण त्यात सापडलोय. दुसऱ्या दिवशी दुपारी धूर फिरला. वारा जमिनीकडून सुटला. म्हाताऱ्याने चाचांकडे बघितलं आणि आपले तळवे हळूहळू उघडले. संध्याकाळच्या आत बर्फात पाण्याच्या रेघा पडल्या आणि जहाज निघालं.

"इंजिन तेच व्हतं," चाचा म्हणाले. "डिझेल तेच. मान्सं तीच. फकस्त वारं फिरलं."

मंडळी, त्या वाक्याने माझं काय झालं ते मी सांगू शकत नाही. दोन वर्षं मी बल आणि दाब वहीत लिहीत होते. ते वहीतले शब्द कोणीतरी उचलून समुद्रावर ठेवल्यासारखं वाटलं.

मी दुसऱ्या दिवशी परत गेले. पंपाचं काम नव्हतं, तरी गेले. विचारलं, "चाचा, उत्तर ध्रुवावर पण असंच होतं का?" त्यांनी डोकं खाजवलं. मग घरातून एक परात मागवली, तिच्यात पाणी भरलं. नव्या पंपाच्या खोक्यातला थर्माकोल कुस्करून पाण्यावर टाकला. म्हणाले, "ही परात म्हंजी उत्तरेकडचा समुद्र. चारी बाजूला काठ, म्हंजी जमीन. आता फुंकर घाल." मी फुंकर घातली. थर्माकोल पलीकडच्या काठाला जाऊन एकावर एक चढला, जाड झाला. "आता हितं एक फट हाय आसं समज," त्यांनी काठाजवळ बोट ठेवलं. "वारं त्या बाजूचं आसलं का बर्फ त्या फटीतनं भायेर निगून जातो, खालच्या गरम समुद्रात. मग वितळतो."

मग त्यांनी परातीच्या मधोमध एक वाटी पालथी घातली. "ही दक्षिण. हितं जमीन मधी आन् समुद्र भवताली. आता वाटीकडनं भायेर फुंकर घाल." मी घातली. थर्माकोल पसरत पसरत लांब गेला आणि वाटीच्या कडेला मोकळं पाणी दिसायला लागलं. मी म्हटलं, "अरेरे, इथला बर्फ गेला." ते हसले. "गेला न्हाई, पोरी. म्होरं सरकला. आन् ह्या उघड्या पान्यावर लगेच नवा धरतो. तिथं गारठा लई. वारं बर्फ मोडतं, तसं नवा धरायला जागा बी करून देतं."

हे सगळं मी नंतर जाडजूड इंग्रजी पुस्तकांत वाचलं. वाचताना मला परातच दिसायची. आजही दिसते.

मग मला बाहेर शिकायला जायचं होतं. त्या बर्फाचाच अभ्यास, गोव्याकडे; ध्रुवांवर संशोधन करणारी आपली संस्था तिथेच आहे. बाबा नाही म्हणाले. बाबा वाईट नव्हते, त्यांना काळजी होती. मी रडले, आईने समजावलं, काही उपयोग झाला नाही. एका रविवारी चाचा स्कूटरवरून बोरीला आले. मी बोलावलं नव्हतं. ओसरीवर बसले, चहा घेतला. बाबा म्हणाले, "करीमभाई, पोरीला बर्फ बघायला धाडू? घरात फ्रीज हाय की."

चाचा हसले. मग म्हणाले, "दत्तूभाऊ, तुमच्या द्राक्षावर डावनीचा रोग यायच्या आदी तुमी काय बघता?"

बाबा म्हणाले, "आभाळ बघतो. वारं बघतो. दमट वारं सुटलं का फवारनी काढतो."

"पान बघत न्हाई?"

"पान बघून काय उपेग? पानावर दिसलं म्हंजी उशीर झाला."

"मग तुमची पोर तेच शिकनार हाय," चाचा म्हणाले. "पान बघायच्या आदी वारं बघायचं. तुमचंच काम हाय, राव. फकस्त लांबनं."

चाचांनी पुन्हा विषय काढला नाही. द्राक्षाच्या बोलण्यावर गेले, पाण्याच्या बोलण्यावर गेले, आणि निघाले. जाताना बाबांनी त्यांना पेटीभर द्राक्षं दिली. मला आठवड्याने म्हणाले, "कागुद आन, सही करतो." बाबा, तुम्ही समोर बसलाय. हे तुमच्यासमोर पहिल्यांदाच सांगतेय, कारण तुम्ही मला ते कधी सांगितलं नाही. मी खिडकीमागे उभी राहून ऐकत होते.

मंडळी, आता जे सांगणार आहे ते मी फार कमी लोकांना सांगितलंय. माझ्या ऑफिसात माहीत आहे, घरात पूर्ण माहीत नव्हतं. बाबा, आई, रागावू नका.

मी स्वतः दक्षिणेला गेले त्या वर्षीची गोष्ट. आमचं केंद्र किनाऱ्यावर होतं. किनाऱ्याला चिकटून समुद्रावर बर्फ धरलेला असतो, इतका जाड की त्याच्यावरून गाडी जाते. आमचं काम असं की, त्या बर्फावर ठरलेल्या अंतरावर भोकं पाडायची आणि जाडी मोजायची. आम्ही चौघं होतो आणि प्रमुख मी होते. निघायच्या आधी दोन दिवस चाचांशी फोनवर बोलणं झालं होतं. त्यांनी एकच सांगितलं. "तितं ऊन लई सोज्वळ दिसतं. उनाकडं बघू नको. जमिनीकडनं वारं सुटलं का काम टाकायचं. सामान ऱ्हाऊ दे, मान्सं काढायची."

त्या दिवशी ऊन फार सुंदर होतं. आभाळ निळं, वारा नाही. आम्ही झपाट्याने काम केलं. शेवटची दोन भोकं राहिली. आणि माझ्या पाठीला गार झुळूक लागली. मी वळून बघितलं. आमच्या झेंडीचं कापड समुद्राकडे फडफडत होतं. वारा जमिनीकडून.

मला कळलं होतं. मी हे कबूल करायला उभी आहे की मला कळलं होतं. माझा जोडीदार म्हणाला, "मॅडम, दोनच राहिलीत, संपवून टाकू. नाहीतर या भोकांच्या रांगेचा उपयोग नाही." आणि मी म्हणाले, "एक पाडू." इतकी वर्षं शिकलेलं, चाचांनी सांगितलेलं, सगळं बाजूला ठेवून मी म्हणाले, एक पाडू.

ते भोक पाडायला अर्धा तास लागला. तोवर झुळकेचा वारा झाला. आम्ही निघालो. किनारा समोर दिसत होता, अगदी जवळ. आणि किनाऱ्याच्या अलीकडे बर्फात एक फट पडलेली होती. येताना नव्हती. हातभर रुंद, आणि खाली काळं पाणी. आम्ही ज्या बर्फावर उभे होतो तो आख्खा बर्फ जमिनीपासून सुटायला लागला होता. वाऱ्याने तो हळूहळू समुद्राकडे ढकलायला घेतला होता.

घाबरणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. आवाज नाही, वादळ नाही, ऊन पडलंय, आणि फट माझ्या डोळ्यांदेखत रुंदावतेय. आम्ही गाडी सोडली. यंत्रं सोडली. सामान ओढायच्या घसरगाडीच्या फळ्या काढून फटीवर टाकल्या आणि एकेक जण पलीकडे गेलो. मी शेवटी गेले. मी पलीकडे पाय ठेवला तेव्हा फळीचं टोक पाण्याला टेकत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेकडीवरून बघितलं. जिथे आम्ही काम करत होतो तिथे बर्फ नव्हता. पाणी होतं. गाडी नव्हती, यंत्रं नव्हती.

त्या दुपारी मी चाचांना फोन लावला. आईबाबांना लावायची हिंमत नव्हती. मी सगळं सांगितलं. एक भोक पाडलं तेही सांगितलं. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "चौघं बी हायेत ना?"

"हो चाचा."

"हातपाय?"

"सगळं ठीक आहे."

"मग जेवा आता."

मी रडायला लागले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ते एक भोक पाडलं, त्याची जाडी लिवली का?"

मी म्हटलं, "लिहिली. वही खिशात होती."

"बरं केलं. आता ती वही सांभाळ. आन् म्होरल्या टायमाला झुळूक लागली का वही बी सोडायची."

त्या वर्षानंतर मी माझा विषय बदलला. बर्फ किती जाड आहे हे मोजणं सोडलं नाही, पण वारा तो बर्फ कुठे नेतो, हे शोधायला लागले. कुठल्या बाजूचा वारा किती दिवस राहिला तर कुठे रस्ता उघडेल, कुठे दाब बसेल, कुठे किनाऱ्याचा बर्फ सुटेल. हे आधी सांगता आलं तर माणसं वाचतात. जहाजं अडकत नाहीत. माझ्याकडून जी चूक झाली ती दुसऱ्या कोणाकडून होऊ नये, एवढंच मनात होतं.

इथे कोणी म्हणेल, वैशाली, तुझा बर्फ तर कमी होतोय, टीव्हीवर दाखवतात. खरं आहे. मी खोटा धीर देणार नाही. उत्तरेकडचा उन्हाळ्यातला बर्फ माझ्या आयुष्यातच कमी होत गेला. दक्षिणेकडचा बरीच वर्षं टिकून होता, तोही अलीकडे अचानक कमी झाला. ते आकडे पहिल्यांदा समोर आले तेव्हा मी फार खचले होते. सुट्टी काढून बोरीला आले आणि दुसऱ्याच दिवशी गॅरेजात गेले. म्हटलं, "चाचा, तुमचा बर्फ चाललाय."

ते एका जीपखाली झोपले होते. तसेच आतून म्हणाले, "वाऱ्यानं का पान्यानं?"

मंडळी, जगभरातले शास्त्रज्ञ तेव्हा हाच प्रश्न विचारत होते. अगदी हाच. उत्तरेकडून येणारा उबदार वारा बर्फ रोखतोय? वादळांच्या लाटा तो फोडतायत? की खालचं पाणीच तापलंय आणि नवा बर्फ धरू देत नाही? मी जीपशेजारी खाली बसले आणि सांगितलं, "दोन्ही, चाचा. वारा वर्षावर्षाला फिरतो. त्याचा बर्फ कमीजास्त होतो आणि भरूनही येतो. पण पाणी तापतंय, ते आपल्या धुरामुळे. ते आपोआप भरून येणार नाही."

ते जीपखालून बाहेर आले. बराच वेळ हात पुसत राहिले. मग विचारलं, "दरसाल थंडीत नवा धरतो ना, अजून?"

"धरतो."

"मग तू रडती कशाला? मेलेल्या इंजिनावर मी काम करत न्हाई. जे अजून धक्का दिल्यावर चालतंय, त्याच्यावर काम करायचं. वारं काय आपल्या हातात न्हाई. धूर हाय."

आणि ते नुसतं बोलून थांबले नाहीत. तुम्हाला आठवत असेल, त्यानंतरच ते डिझेल पंप आणणाऱ्याला आधी विचारायला लागले, "सोलरचं बघितलं का?" डिझेल पंप दुरुस्त करणारा माणूस गिऱ्हाइकाला सोलरकडे पाठवतो. इरफान डोक्याला हात लावायचा. नंतर इरफाननेच सोलर पंपाचं काम शिकून घेतलं, आणि आज तालुक्यातली निम्मी जोडणी तोच करतो. माझ्या बाबांच्या द्राक्षालाही पाणी त्याच पंपाने जातं.

गेल्या हंगामात आमच्या गटाने एका जहाजाला कळवलं की आत शिरू नका, दोन दिवस बाहेर थांबा, वारा फिरणार आहे. जहाजाचा कप्तान तयार नव्हता. ऊन पडलं होतं, आभाळ स्वच्छ होतं, त्याला घाई होती. शेवटी तो थांबला. तिसऱ्या दिवशी वारा जमिनीकडून सुटला, बर्फ उघडला आणि जहाज सरळ किनाऱ्यापर्यंत गेलं. मी लगेच चाचांना फोन केला. तोवर ते फार थकले होते. गॅरेजात यायचे, पण नुसते बसून राहायचे. मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती मान्सं व्हती जहाजावर?"

मी सांगितलं.

"त्यांना म्हाईत हाय का, वाचले म्हनून?"

"नाही चाचा. त्यांना वाटलं, दोन दिवस उगाच फुकट गेले."

ते खूप वेळ हसत होते. खोकला येईपर्यंत हसले. "आसंच पायजे," म्हणाले. "आसंच काम पायजे."

ते आमचं शेवटचं मोठं बोलणं. गेल्या मंगळवारी सकाळी ते चहा पिऊन बाकावर बसले आणि तिथेच गेले. मी गोव्याहून पोचेपर्यंत दफन झालं होतं. माती देता आली नाही. ती खंत राहील.

आता एकच सांगते आणि थांबते. ते मी कालपर्यंत सांगणार नव्हते, कारण ते माझं नाही, आतारांच्या घरचं आहे. पण काल परवानगी मिळाली.

चाचांची नात सना, इरफानची मुलगी, तिकडे मुलींच्या रांगेत बसलीय. तिने समुद्राच्या अभ्यासासाठी परीक्षा दिली होती. निवड झाल्याचं पत्र चाचा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. पुढच्या सोमवारी तिला हजर व्हायचंय. सनाने ठरवून टाकलं की जायचं नाही. घरात दुःख आहे, दादीला एकटं कसं सोडायचं. इरफानही तेच म्हणत होता. मला वाटत होतं की तिने जावं, पण मी कोण सांगणार?

शमीमचाची, म्हणजे करीमचाचांच्या पत्नी, आज इथे नाहीत. त्या इद्दतीत आहेत, म्हणजे नवरा गेल्यावर बाईने पाळायच्या काळात; चार महिने घरातच राहतील. काल मी त्यांना भेटायला गेले. सना पाणी घेऊन आली आणि चाचींनी तिला हाताला धरून शेजारी बसवलं. मग मला म्हणाल्या, "वैशाली, तुला म्हाईत न्हाई. हे तिकडं चाल्ले व्हते ना, तवा मी लई भांडले. इरफान लहान व्हता. म्या म्हनलं, ह्या पोराला आन् मला सोडून कुटं चाल्ला तुमी? चौदा म्हैने मी रोज वाट बघितली. रोज वाटायचं, आडवायला पायजे व्हतं."

चाचींनी सनाचा हात सोडला नव्हता.

"मग हे आले," चाची म्हणाल्या, "आन् सांगत बसले. चाळीस वरीस सांगत बसले. त्यांना आडवलं आसतं, तर आपल्या घरात सांगायला काय व्हतं?"

आणि त्या सनाकडे वळल्या. "जा बेटा. मैं हूँ ना इधर. चार महिने तो वैसे भी कहीं जाना नहीं है मेरे को. तू जा, और फोन पे बता, क्या देखा."

सनाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि दादीच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली. संध्याकाळी इरफानने तिची बॅग माळ्यावरून काढली. सना सोमवारी जातेय. मी तिच्याबरोबर जातेय.

मंडळी, आता आपण सगळे उभे राहूया. ज्यांना उभं राहायला त्रास होतो त्यांनी बसून राहिलं तरी चालेल. एक मिनिट कोणी बोलू नका. ज्याची जी प्रार्थना असेल ती त्याने मनात म्हणावी. ज्याची कुठलीच नसेल त्याने त्यांचा चेहरा आठवावा.

करीमचाचा, तुमच्या जुन्नरचा, आंबेगावचा, बोरीचा तुम्हाला सलाम.